पवित्र शास्त्र आणि पवित्र आत्मा: देव आज आपल्याशी कसा बोलतो?

गुलबक्षी

सर्वांना सलाम. आमच्याकडे दर शनिवारी घरगुती प्रार्थना सभा असते, वेगवेगळ्या मंडळ्यांतली आठ-दहा कुटुंबं येतात. मागे एकदा प्रार्थना चालू असतानाच एका ताईंनी माझ्या मावसबहिणीला सगळ्यांसमोर सांगितलं, देवाने मला दाखवलंय, तू ही नोकरी सोडायची आहेस. घरात कमावणारी ती एकटीच. बिचारी रडायलाच लागली. त्यावर एक वयस्कर काका जरा चढ्या आवाजात म्हणाले की देव आता असं काही बोलत नाही, जे बोलायचं ते ६६ पुस्तकांत बोलून झालंय, शास्त्र वाचा आणि त्याप्रमाणे वागा, बाकी सगळं मनाचे खेळ.

मला दोन्ही बोलणी खटकली. ताईंचं ऐकलं तर ज्याला जे वाटेल ते देवाच्या नावावर खपेल. काकांचं ऐकलं तर पवित्र आत्मा पेन्टेकॉस्टच्या दिवशी आला आणि पुस्तक पूर्ण झाल्यावर परत गेला असं होईल, पण योहान १६ मध्ये प्रभू सांगतो की सत्याचा आत्मा तुम्हाला सगळ्या सत्यात चालवेल. आणि त्याच अध्यायात हेही आहे की तो स्वतःचं काही बोलणार नाही, जे ऐकेल तेच सांगेल. म्हणजे आत्मा आणि वचन एकमेकांना सोडून चालतच नाहीत असं मला वाटतं. पण हे नीट मांडता येत नाहीये आणि मावसबहीण रोज फोन करून विचारते की मी काय करू. ज्यांनी यावर अभ्यास केलाय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

बिरुयाकर

गुलबक्षीताई, महत्त्वाचा विषय काढलात. मी सेमिनरीत शिकलेलं थोडं मांडतो.

प्रकटीकरण म्हणजे देवाने स्वतःहून स्वतःची ओळख करून देणं, माणूस शोधत शोधत देवापर्यंत पोचला असं नाही. ते दोन प्रकारचं मानतात. एक सामान्य, म्हणजे सृष्टीतून आणि विवेकातून सगळ्यांनाच मिळणारं, स्तोत्र १९ ची सुरुवात आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय बघा. दुसरं विशेष, म्हणजे इस्राएलच्या इतिहासातून, संदेष्ट्यांमधून आणि शेवटी पुत्रामधून झालेलं. इब्रीकरांस पत्र सुरूच तिथून होतं, पूर्वी अनेक प्रकारांनी बोललेला देव या शेवटच्या काळात पुत्राच्या द्वारे बोलला. म्हणजे प्रकटीकरणाचा गाभा एक व्यक्ती आहे, येशू ख्रिस्त. शास्त्र हे त्याच्याविषयीची देवाने दिलेली साक्ष.

आता तुमच्या काकांबद्दल. त्यांना वाटतंय ते सुधारणावादी, म्हणजे प्रॉटेस्टंट, शिकवण सांगतायत, पण त्या शिकवणीचा सोळाव्या शतकातला मोठा शिक्षक खुद्द कॅल्विन असं म्हणत नाही. तो म्हणतो शास्त्र हा चष्मा आहे, सृष्टीत देव अंधुक दिसतो तो शास्त्रातून स्पष्ट दिसतो. पण हे देवाचं वचन आहे ही खात्री कुठून येते? चर्चने शिक्का मारला म्हणून नाही आणि हुशार युक्तिवादाने पटवलं म्हणूनही नाही. ज्या आत्म्याने संदेष्ट्यांच्या मुखातून बोलणं केलं त्याच आत्म्याने आपल्या अंतःकरणात साक्ष द्यावी लागते, याला आत्म्याची आंतरिक साक्ष म्हणतात. १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा घ्या, पहिलाच अध्याय शास्त्रावर आहे, आणि त्याच्या शेवटी म्हटलंय की सगळ्या वादांचा सर्वोच्च न्यायाधीश म्हणजे शास्त्रात बोलणारा पवित्र आत्मा. नुसतं शास्त्र नाही लिहिलं आणि नुसता आत्मा पण नाही लिहिलं!

उलट बाजूला ताईंसारखी मंडळी त्या काळातही होती. १५२१ मध्ये त्स्विकाऊ गावचे काही जण विटेनबर्गला आले, आम्हाला थेट दर्शनं होतात, पुस्तकाची फारशी गरज नाही असं त्यांचं म्हणणं. प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणारा ल्युथर त्यांच्या विरोधात ठाम उभा राहिला. पुढे १५३४-३५ ला म्युन्स्टर शहरात तर स्वतःला संदेष्टे म्हणवणाऱ्यांनी देवाचं राज्य आलं म्हणून सत्ताच घेतली, त्यात लोकांची फार वाताहत झाली, शेवटी वेढा पडून शहर पडलं. म्हणून बाहेरच्या लिखित वचनाला इतकं धरून राहिले ते लोक, त्यामागे जळलेला अनुभव होता.

पिंपरीकर

बिरुयाकर दादा, चांगलं लिहिलंत पण म्युन्स्टरचं उदाहरण आलं की आमच्यासारख्या पेन्टेकॉस्टल, म्हणजे आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या, लोकांकडे लगेच संशयाने बघितलं जातं म्हणून थोडं बोलतो. प्रेषितांची कृत्ये उघडा. अगब नावाचा संदेष्टा दुष्काळ पडणार सांगतो, आणि अंत्युखियाची मंडळी त्यावर मदत गोळा करून यहूदियात पाठवते. फिलिप्पाच्या चार मुली भविष्यवाद करायच्या. पेत्राने पहिल्याच उपदेशात योएलचं वचन घेतलं की तुमचे मुलगे आणि मुली संदेश देतील. आता हे सगळं एका ठरावीक तारखेला बंद झालं असं कुठल्या वचनात आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पण मीच हेही सांगतो की गुलबक्षीताईंच्या सभेत झालं ते आमच्या चांगल्या पाळकांनाही चालणार नाही. १ थेस्सलनी ५ मध्ये पौल एका दमात दोन गोष्टी सांगतो, आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा, चांगलं ते घट्ट धरा. १ करिंथ १४ मध्ये पण तेच, दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. पारख करायची आज्ञा आहे म्हणजे बोलणारा चुकू शकतो हे गृहीतच धरलंय. यशयाच्या पुस्तकाची अशी पारख करायला पौल सांगत नाही. म्हणजे मंडळीत मिळणारा संदेश आणि शास्त्र एका पातळीवर नाहीत. आणि १ करिंथ १४:३ प्रमाणे संदेश कशासाठी, तर उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन यांसाठी. एका बाईची भाकरी सगळ्यांसमोर एका वाक्यात काढून घेणं यात त्यातलं काय झालं?

वसईवाला

मी कॅथलिक, वसईचा. आमच्या बाजूनेही थोडं मांडू द्या कारण वर एक गोष्ट राहून गेली, हे शास्त्र आपल्या हातात आलं कसं? लूकाचं शुभवर्तमान लिहिलं जायच्या आधी ख्रिस्तसभा होती, उपासना होती, प्रेषितांची शिकवण तोंडी चालू होती. नव्या कराराची २७ पुस्तकं नेमकी आज आहेत तशी यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं गेली. कुठलं पुस्तक प्रेरित, कुठलं नाही हे ज्या समाजाने ओळखलं त्यालाही आत्म्यानेच चालवलं असं मानावं लागेल ना. आम्ही पवित्र परंपरा म्हणतो ती हीच, प्रेषितांकडून आलेलं जिवंत हस्तांतरण.

कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या सभेने १५४६ मध्ये शास्त्र आणि परंपरा दोन्हींचा सारखाच आदर करायचा असं ठरवलं, आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ दोन वेगळे झरे असा लावला. दुसऱ्या व्हॅटिकन सभेत १९६२ च्या नोव्हेंबरात जो पहिला मसुदा आला त्याचं नावच प्रकटीकरणाचे उगम असं होतं. त्यावर इतकी जोरदार चर्चा झाली की काही विचारू नका, १३६८ जणांनी चर्चा थांबवा म्हणून मत दिलं आणि ८२२ जणांनी चालू ठेवा म्हणून, दोन तृतीयांशाला थोडं कमी पडलं तरी पोप तेविसावे जॉन यांनी स्वतः मसुदा मागे घेतला आणि नवी समिती नेमली. तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ ला, देई वेर्बुम हा प्रकटीकरणावरचा दस्तऐवज २३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. त्यात शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून वाहतात असं आहे. धर्मगुरूंचा शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, हेही स्पष्ट लिहिलंय. आणि ज्या आत्म्याने शास्त्र लिहिलं गेलं त्याच आत्म्याने ते वाचायचं आणि त्याचा अर्थ लावायचा, हे वाक्य तर गुलबक्षीताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तरच आहे.

खरं सांगतो, या दस्तऐवजामुळे आमच्या घराघरात बायबल उघडलं गेलं. माझ्या आजोबांच्या पिढीत बायबल म्हणजे फादरांकडे असायची गोष्ट. आज आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घरी आहे आणि माझी मुलगी मिस्सेच्या आधी वाचन घरूनच वाचून जाते. याचा मला फार आनंद आहे.

बिरुयाकर

वसईवाला, आकड्यांसकट लिहिलंत त्याबद्दल आभार. मतभेद आहे तो एवढाच की आम्ही म्हणू मंडळीने यादी बनवली नाही, तिने ओळखली. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, आवाज तयार करत नाहीत. पण आत्म्यावाचून हे ओळखणंही झालं नसतं, यात आपण एकत्र आहोत.

ऋचा_पुणे

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय. एक विचारू का? आमच्या मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले, म्हणजे त्यांना कर्ताच नाही, ऋषींना मंत्र दिसले, त्यांनी रचले नाहीत. तुमचं ईश्वरप्रेरित म्हणजे तसंच काही का? की देवाने अक्षरशः लेखनिकाला सांगितलं आणि त्याने उतरवून घेतलं?

मोहरीचा_दाणा

ऋचाताई, अगदी मुद्द्याचा प्रश्न. तसं नाही, आणि हा फरक मला फार प्रिय आहे. बायबलमधली पुस्तकं पूर्णपणे माणसांची आहेत आणि पूर्णपणे देवाचं वचनही आहेत, एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही. लूक सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध घेतला आणि मग क्रमाने लिहिलं, म्हणजे तो आजच्या भाषेत चौकशी करून, साक्षीदार तपासून लिहितोय. आमोस तकोवाचा गुराखी, त्याच्या भाषेत गुरं, शेत, गाडा येतात. पौल १ करिंथ १ मध्ये म्हणतो मी क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय कुणाला बाप्तिस्मा दिला नाही, मग आठवून म्हणतो, हां, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला, आणखी कुणाला दिला असेल तर आता लक्षात नाही. हे त्याचं विसरणं तसंच शास्त्रात राहिलंय! आत्म्याने पौलाची स्मरणशक्ती बदलून टाकली नाही, त्याला आहे तसा वापरला. २ पेत्र १:२१ मध्येही माणसं बोलली असंच आहे, पवित्र आत्म्याने प्रेरित होऊन बोलली.

लेखनिकाला सांगून लिहवून घेतल्याचीही उदाहरणं आहेत, पण ती बघा कशी. यिर्मया ३६ मध्ये यिर्मया सांगतो आणि बारूख लिहितो. ती गुंडाळी राजा यहोयाकीमला वाचून दाखवतात तेव्हा हिवाळा असतो, पुढ्यात शेगडी पेटलेली, आणि तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापून आगीत टाकतो, असं करत सगळी गुंडाळी जाळतो. मग यिर्मया काय करतो, दुसरी गुंडाळी घेऊन पुन्हा सगळं सांगतो आणि त्यात आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. कागद जळाला तरी बोलणारा देव जिवंत आहे. मी जेव्हा जेव्हा हा अध्याय वाचतो तेव्हा मला शास्त्राबद्दलचा विश्वास नव्याने मिळतो.

सामान्य प्रकटीकरणाचा आपल्या मातीतला धागा हवा असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळक बघा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झालेला हा माणूस, आगगाडीत एका परक्या साहेबाने दिलेला नवा करार वाचून डोंगरावरील प्रवचनाने जिंकला गेला, पण तुकोबांना त्यांनी कधी सोडलं नाही. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. देवाने महाराष्ट्रात आधीच काही बोलून ठेवलं होतं असा त्यांचा विश्वास.

केडगावरस्ता

आत्मा आणि शास्त्र हा विषय मराठी माणसांत चाललाय आणि पंडिता रमाबाईंचं नाव अजून आलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते बाईंचं आयुष्य म्हणजे या शिकवणीचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

बाई आसाममध्ये सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकाच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, तिथून त्यांचं वाचन सुरू झालं. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतर त्यांचं तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जे पत्रांतून भांडण झालं ते वाचण्यासारखं आहे. चर्चने सांगितलं म्हणून मानायचं हे बाईंना मान्यच नव्हतं. १८८५ च्या पत्रात त्या म्हणतात की भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटलेय, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी इच्छा नाही. ख्रिस्ताची आज्ञा शास्त्रात दाखवा, मी मानते. संस्कृत शास्त्रं पाठ असलेली बाई, तिला शास्त्राधार म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

हा झाला वचनाचा भाग. पण त्याच बाई १९०७ च्या आपल्या साक्षीत काय सांगतात? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीला सगळं पटलं होतं. बायबल तेच, वाचणारी तीच, आणि एवढी विद्वान! मग आत काहीतरी उघडलं आणि तेच शब्द तिच्यासाठी जिवंत झाले. कॅल्विनची आंतरिक साक्ष वर लिहिलीय ना, ती मला पुस्तकातून कळली नाही, बाईंच्या या पानांवरून कळली. १ करिंथ २ मध्ये पौल म्हणतो देवाच्या गोष्टी देवाच्या आत्म्याशिवाय कुणाला कळत नाहीत, ते हेच.

आता १९०५. वेल्समधल्या जागृतीची, म्हणजे मंडळ्यांत विश्वासाची नवी लाट आल्याची, बातमी आली होती, बाईंच्या केडगावच्या मुक्ती या आश्रमात मुली गटागटाने पहाटे प्रार्थना करत होत्या. जूनच्या शेवटी एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्यासारखं झालं, दुसरीला खरीच आग वाटून ती पाण्याची बादली आणायला धावली अशी हकीकत आहे. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, बाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या आणि सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या, इतकं की बाईंना शिकवणं थांबवावं लागलं. माझं सगळं म्हणणं यातच आहे. आत्मा आला तेव्हा पुढ्यात शास्त्र उघडं होतं. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध पेन्टेकॉस्टल जागृती १९०६ ची, म्हणजे केडगाव त्याच्या आधीचं. आणि मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी यावर लिहिलेली पुस्तिका चिलीमध्ये त्यांच्या ओळखीच्या हूव्हर दांपत्याकडे पोचली, तिथल्या १९०९ च्या पेन्टेकॉस्टल जागृतीचा एक उगम तो आहे.

आणि मग या अनुभवानंतर बाई काय करतात? दर्शनांचं दुकान मांडत नाहीत. आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवतात, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं अशा सोप्या मराठीत, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं जातं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. आत्म्याचा अग्नी बघितलेल्या बाईला शास्त्र कमी महत्त्वाचं वाटायला लागलं नाही, तेच प्रत्येकीच्या हातात जावं असं वाटायला लागलं. गुलबक्षीताई, कुणी म्हणालं आत्म्याने मला सांगितलं, तर मी आधी हेच बघेन की त्या बोलण्याने माणसं शास्त्राकडे जास्त वळतात की त्या बोलणाऱ्याकडे.

पिंपरीकर

केडगावरस्ता ताई, देवाची स्तुती असो. हे आमच्या तरुणांच्या गटात वाचून दाखवतो. आमच्या मुलांना अझुसा स्ट्रीट पाठ आहे आणि पिंपरीपासून काही तासांवरचं केडगाव माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

निवडुंग

माझी पणजी निरक्षर होती म्हणून एक प्रश्न, म्हणजे प्रश्नापेक्षा खंतच आहे. इथे सगळे वाचणाऱ्यांबद्दल लिहितायत. ज्यांनी कधी पान उघडलं नाही त्यांच्यापर्यंत प्रकटीकरण पोचलं नाही का? पणजीला अर्धी स्तोत्रसंहिता तोंडपाठ होती, कीर्तनात ऐकून आणि उपासनेत ऐकून. दुष्काळात बैल विकावे लागले तेव्हा तिने स्तोत्र १२१ म्हणत रात्र काढली असं आजी सांगायची.

मोहरीचा_दाणा

पोचलं, नक्की पोचलं. रोम १० मध्ये विश्वास ऐकण्याने होतो असंच आहे, वाचण्याने नाही. पहिल्या शतकात थेस्सलनीकरांस पत्र आलं तेव्हा ते मंडळीत मोठ्याने वाचलं जायचं, बहुतेकांना वाचताच येत नसणार, आणि पौल त्याच पत्रात शपथ घालून सांगतो की हे सर्व भावांना वाचून दाखवा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन लोकांपुढे नेलं ते यासाठीच. तुमच्या पणजीकडे शास्त्र होतं आणि आत्मा होता, छापील प्रत तेवढी नव्हती.

गुलबक्षी

सगळ्यांचे मनापासून आभार, मी रात्री दोनदा वाचलं. मावसबहिणीला केडगावरस्ता ताईंचा भाग फोनवर वाचून दाखवला. तिला मी एवढंच सांगितलं की तू नोकरी सोडायची नाहीस, निदान कुणाच्या एका वाक्यावरून नाही. शास्त्रात घरच्यांची तरतूद करणं हे १ तीमथ्य ५:८ मध्ये स्वच्छ लिहिलंय, आणि देवाला तुला दुसरीकडे न्यायचं असेल तर तो तुलाही सांगेल, तुझ्या वचनवाचनात, प्रार्थनेत, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात. ती जरा शांत झाली.

पण ताईंबद्दलही मला माया आहे, त्या खोटं बोलणाऱ्या बाई नाहीत, आजारी माणसापाशी रात्र रात्र प्रार्थना करत बसणाऱ्या आहेत. त्यांना दुखवायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. येत्या शनिवारी वचन माझ्याकडे आहे. कुठला भाग घेऊ?

बिरुयाकर

बिरुयाच्या लोकांचा घ्या असं म्हणणार होतो, कृत्ये १७:११, पौल सांगतो ते खरं आहे का म्हणून रोज शास्त्र तपासणारे. पण तुमच्या सभेसाठी यिर्मया २८ जास्त चांगला. हनन्या संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर देवाच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मया त्याला लगेच खोटा म्हणत नाही. आमेन, परमेश्वर तसं करो, असं म्हणतो, मग आधीच्या संदेष्ट्यांशी ते जुळतं का ते बघायला सांगतो. हनन्या त्याच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो, तरी यिर्मया आपल्या वाटेने निघून जातो. परमेश्वराचं वचन त्याला नंतर मिळतं आणि तेव्हाच तो हनन्याकडे परत जाऊन बोलतो. खरा संदेष्टासुद्धा थांबला, हे ताईंनाही ऐकायला जड जाणार नाही आणि काकांनाही.

२७ व्या अध्यायापासून सुरू करा, नाहीतर ते जू कुठून आलं हे कुणाला कळणार नाही.

गुलबक्षी

२७ आणि २८ घेते. ताईंनाच वाचायला सांगते, त्यांचा आवाज चांगला आहे.